पहिली बोली

धोंडिबाआबांचा उजवा हात मी उघड्यावर फारसा पाहिलाच नाही. बाजाराच्या दिवशी तर तो सकाळपासून उपरण्याखालीच असायचा. चहाची बशी डाव्या हातात, विडी डाव्या हातात, कुणी नमस्कार केला तर उत्तरादाखल नुसती मान हलायची. नवख्या माणसाला वाटावं की या गृहस्थाच्या उजव्या हाताला काही तरी झालेलं आहे.

मी तेव्हा लोणावळ्याच्या मालधक्क्यावर गुड्स क्लार्क होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. सुगी उरकली की मावळातल्या गावागावांतून तांदळाच्या बैलगाड्या यायच्या आणि धक्क्यालगतच्या मोकळ्या जागेत सुटायच्या. माल मुंबईला वॅगननं जायचा, म्हणून व्यापारीही तिथंच यायचे. शेतकरी एकीकडे, व्यापारी दुसरीकडे आणि मध्ये धोंडिबाआबा. ते जवळच्याच औंढ्याचे. घरची थोडी भातखाचरं होती, ती धाकटा भाऊ तात्या बघायचा. आबांचा धंदा दलालीचा.

भाव तोंडानं बोलायचा नाही, ही तिथली रीत होती. दलाल उपरण्याचं टोक आपल्या हातावर टाकतो, त्याखाली समोरच्याचा हात धरतो आणि त्याची बोटं दाबून भाव सांगतो. समोरचा मान हलवून नकार देतो आणि दलालाची बोटं दाबून आपला भाव सांगतो. मग दलाल पुन्हा, मग तो पुन्हा. एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरायचा, पुन्हा पहिल्याचा. भोवती जमलेल्यांना कापड हललेलं दिसतं, बाकी काही कळत नाही. भाव जुळला की दलाल उपरणं झटकून खांद्यावर टाकतो. सौदा पुरा. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी तो फिरत नाही.

मी साताऱ्याकडून बदलून आलेलो, मला हा प्रकार फार विनोदी वाटायचा. दोन बाप्ये माणसं चेहरे कोरे ठेवून एकमेकांचे हात धरून उभी आहेत आणि तिसरा त्यांच्याकडे टक लावून बघतोय. ओळख झाल्यावर मी आबांना शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, सरळ पाटी लावा, आजचा भाव अमुक. म्हणजे वेळ वाचेल. वॅगन ताटकळणार नाही. आबांनी माझ्याकडे, लहान मूल काही तरी बोबडं बोलल्यावर बघतात तसं बघितलं.

"बाबू, मानूस दोन पैसं कमी घ्यायला तयार आसतो," ते म्हणाले. "पन कमी घेतलं ह्ये शेजारच्या गाडीवाल्याला कळलं की त्याला घास उतरत न्हाई."

पाटीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

आबा उंचीनं बेताचे, सावळे, आवाज खालचा. हसले तर फक्त मिशी हलायची. कपडे अगदी साधे, पण उपरणं मात्र परीटघडीचं. उजव्या हाताची बोटं ते रोज सकाळी खोबरेलानं चोळत. सोनाबाई, त्यांच्या घरच्या, म्हणायच्या की माझ्या डोक्याला लागत नाही एवढं तेल यांच्या बोटांना लागतं. आबांचं म्हणणं, बोटांना घट्टे पडले की समोरच्याचा हात वाचता येत नाही. गार हात गरजवंताचा. घामेजलेला हात लबाडाचा किंवा नवशिक्याचा, आणि त्यातला कोणता ते अंगठ्यावरून कळतं. अंगठ्यावरून काय कळतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. उपरणं टाकण्याआधी कुणी फार बोलायला लागला तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "जरा गप ऱ्हावा, हाताला बोलू द्या."

त्यांच्या तोडीचा हात एकच, कासमभाईंचा. कासमभाई लोणावळ्यातले तांदळाचे बडे व्यापारी. कैक पिढ्या इथल्याच मातीतल्या, बोलणंही आबांसारखंच. या दोघांचे हात उपरण्याखाली गेले की मी मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, बाजूला ठेवून बघायचो. कासमभाईंचा एक पाय आपोआप हलायला लागायचा. आबा आभाळाकडे बघायचे. विडी जळून चटका बसेपर्यंत हे चालायचं. मग उपरणं झटकलं जायचं आणि दोघेही इतके खूश दिसायचे, की नक्की कोणी कोणाला लुबाडलं हे आम्हाला कळायचं नाही. मला वाटतं, त्यांनाही त्याचं फारसं काही नसावं. घासाघीस पोटभर झाली, हीच कमाई.

खंडाळ्याच्या एका बंगल्यात एक पारशीणबाई राहायच्या. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते, म्हणून जुन्या आंबेमोहोराचं पोतं हवं होतं. बाई स्वतःच धक्क्यावर आल्या. त्यांच्यासमोर उपरणं पसरणं शक्य नव्हतं, तेव्हा आबांनी नाइलाजानं तोंडानं भाव सांगितला. अर्थात चढाच सांगितला. आता बाई नाक मुरडतील, निम्म्यावर येतील, मग आपण थोडं उतरू, असा त्यांचा हिशेब. बाईंनी "ठीक छे" म्हटलं, पैसे दिले, पोतं टांग्यात चढवलं आणि निघून गेल्या.

दुसरा कुणी असता तर मिशीला पीळ भरला असता. आबांनी संध्याकाळी त्या जादा पैशांचा म्हणून पाच-सहा पायल्या तांदूळ त्या बंगल्यावर पाठवून दिला. मी चेष्टा केली, तर चिडून म्हणाले, "पयल्या बोलीला व्हय म्हनतात का कुनी? पयली बोली म्हंजी निस्ता दारावरचा आवाज. घरात यायचं का न्हाई ते फुडं ठरायचं." बाईंनी त्यांना एका परीनं चोर ठरवलं होतं, आणि ते त्यांना लागलं होतं.

ही हाताची रीत आबांनी बाजाराबाहेरही नेली होती. औंढ्याला दोघा भावांचं सामाईक बांधावरून वाजलं होतं. एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पंच मंडळींनी बोलून बोलून घसे कोरडे केले. शेवटी आबांना बोलावलं. आबांनी दोघांना चावडीच्या दोन खांबांना टेकून बसवलं, मध्ये स्वतः बसले आणि उपरण्याखाली एकदा याचा हात, एकदा त्याचा हात, असं सुरू केलं. एक बोट म्हणजे बांध एक हात इकडं, दोन बोटं म्हणजे दोन हात. दुपार कलली तेव्हा उपरणं झटकलं. बांध कुठे पडला ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला दिसलं, पण कोण किती मागे सरला ते आजतागायत कुणाला माहीत नाही. दोघंही भाऊ आपणच जिंकलो अशा थाटात गावातून हिंडत.

आबांचं हे हत्यार एका ठिकाणी मात्र चालत नसे. लग्नानंतर कधी तरी त्यांनी सोनाबाईंपुढंही उपरणं धरलं होतं म्हणे. सोनाबाई म्हणाल्या, "मला द्येवानं तोंड दिलंय." त्या दिवसापासून घरातले बरेचसे सौदे तोंडानं झाले आणि आबा त्यातले बहुतेक हरले.

त्यांना एकच मुलगा, शंकर. हुशार, पापभीरू, खाली मान घालून चालणारा. आबांनी त्याला बाजारात कधी फिरकू दिलं नाही. सुट्टीत तो धक्क्यावर आलाच तर त्याला माझ्या टेबलाशी आणून बसवत आणि म्हणत, याला काही तरी इंग्रजी वाचायला द्या. पोत्यांच्या धुरळ्यात आपलं आयुष्य गेलं, याचं जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात. त्यामुळे मावळातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली घासाघीस या दलालाच्या मुलाला ठाऊक नव्हती. दुकानदार सांगेल ते देऊन तो पेन्सिल घेऊन यायचा.

मॅट्रिक होऊन शंकर पुण्याला कॉलेजात गेला, मामाकडे राहिला आणि पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाला. पुढे त्याला कॉमर्सला घालायचं ठरलं. ती कल्पना आबांचीच. व्यापार शिकवणारं कॉलेज असतं, हे कळल्यापासून त्यांना त्याचं अपार कुतूहल होतं. व्यापार शिकवतात म्हणजे काय शिकवतात, असं ते मला पुनःपुन्हा विचारायचे आणि मला सांगता यायचं नाही.

वाटा दोन होत्या. मुंबईचं कॉमर्स कॉलेज म्हणजे मोठं नाव. तिथल्या पोरांना बँका आणि कंपन्या हाक मारून नेत. पण फी भारी, राहणं-खाणं भारी, कोटपाटलोण वेगळंच. दुसरी वाट पुण्याची. तिथे काही शिक्षक मंडळींनी मंडईजवळच्या एका इमारतीच्या माडीवर कॉमर्सचे वर्ग नव्यानं काढले होते. फी थोडी, शिक्षक तळमळीचे आणि मामाचं घर हाकेच्या अंतरावर. शंकरला दोन्हीकडे जागा मिळत होती.

लोणावळ्यात प्रत्येकाला यावर मत होतं. स्टेशनमास्तरांचं मुंबई, हेडमास्तरांचं मुंबई. ज्यांना फी भरायची नव्हती त्या सगळ्यांचं मुंबई. घरात मात्र वारं उलटं होतं. मुंबईचा खर्च झेपायचा तर ओढ्याकाठचं खाचर विकावं लागणार होतं, आणि तेच घरातलं सगळ्यात चांगलं खाचर. तात्या म्हणायचा, एका पोराच्या शिक्षणापायी सगळ्यांच्या तोंडचा घास का काढायचा? सोनाबाईंना पोरगं भावाच्या घरी, डोळ्यांसमोर हवं होतं. शंकर काहीच म्हणत नव्हता. मी एकदा त्याला सरळ विचारलं, तुला कुठं जायचंय? म्हणाला, "आबा ठरवतील ते." मग थोडा वेळ पायानं माती उकरून त्यानं विचारलं, "मुंबईच्या कॉलेजात कोट सक्तीचा असतो का हो?" त्याला कुठे जायचं होतं, ते मला तेव्हाच कळलं.

आबांनी ठरवलं, माल बघितल्याशिवाय बोली नाही. दोन्ही ठिकाणं पाहून यायचं. मला सोबत घेतलं, कारण इंग्रजी मला येत होतं आणि सुट्टी मिळत होती.

आधी पुणं झालं. माडीवरची खोली स्वच्छ होती. शिक्षकांनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं समजावून सांगितलं. बोलण्यात कुठे बढाई नव्हती. मला तर ते गृहस्थ फार आवडले. मागे पोरं ओळीनं बसून, एक जण सांगत होता ते उतरवून घेत होती. परतताना आबा म्हणाले, "चांगली मानसं हायेत. पोरं समदी खाली मान घालून लिवत्यात."

मग मुंबई. कॉलेजच्या आत जायला आबा तयार होईनात. समोरच्या फुटपाथवर झाडाखाली आम्ही उभे राहिलो. आबा धोतर, पागोटं, परीटघडीचं उपरणं अशा पूर्ण थाटात. कोटवाली पोरं बाजूनं जात होती, त्यांतल्या एकाचा धक्का लागला तर तो "सॉरी" म्हणून न थांबता पुढं गेला. एवढ्यात पायऱ्यांवर एक प्रोफेसर आणि एक विद्यार्थी बोलत उभे राहिले. विद्यार्थी हातवारे करून काही तरी ठासून सांगत होता. आबांनी मला विचारलं, काय म्हणतोय तो? दोन-चार शब्द कानावर आले त्यावरून मी सांगितलं, सरांचं म्हणणं त्याला पटलेलं नाही, तो ते खोडून काढतोय.

"आन मास्तर ऐकून घेतोय?"

म्हटलं, ऐकून घेतोय खरा.

आबा बघतच राहिले. प्रोफेसर आत गेले, पोरगा निघून गेला, तरी ते पायऱ्यांकडे बघत होते. परतीची गाडी कर्जतला थांबली. तिथं घाटासाठी मागून इंजिन लागलं, गाडीला हिसका बसला आणि आबा म्हणाले, "शंकर मुंबईलाच शिकंल." खाचराला गिऱ्हाईकही त्यांनी त्याच आठवड्यात बघून ठेवलं. कासमभाईच घेणार होते. घरात मात्र आबांनी यातलं काही बोलून दाखवलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी मला आणि कासमभाईंना औंढ्याला बोलावलं. ओसरीवर तात्या होता, पुण्याहून मामा आले होते, दाराच्या आत सोनाबाई उभ्या होत्या. शेजारपाजारचे चार जण उगीच आल्यासारखे आलेले. आबांनी शंकरला समोर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की, हा बाप-लेकातला सौदा आहे. एक बोट म्हणजे पुणं, दोन बोटं म्हणजे मुंबई. उपरण्याखाली जे ठरेल ते या घराचं ठरलं. मागनं कुणी कुरकुर करायची नाही. तात्याकडे बघून त्यांनी हे दोनदा सांगितलं. तात्यानं मान डोलावली. उपरण्याखालचा शब्द मावळात कोण मोडणार?

शंकरनं हात पुढे केला. उपरणं पडलं. मी आपलं बूड टेकवून नीट बसायच्या बेतात होतो, कारण आबांचे सौदे मला ठाऊक होते. आता तास-अर्ध्या तासाची निश्चिंती. तेवढ्यात शंकरचा हात बाहेर आलासुद्धा.

आबांचा आला नाही. तो उपरण्याखाली तसाच राहिला, एकटाच. त्यांनी शंकरकडे बघितलं. शंकर खाली बघत होता. मग आबांनी उपरणं सावकाश उचललं. झटकलं नाही. घडी घालून मांडीवर ठेवलं.

"पुनं," ते म्हणाले.

तात्याचा चेहरा खुलला. मामांनी शंकरच्या पाठीवर हात ठेवला. आतून सोनाबाईंनी गूळ आणला. कासमभाई माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "लय लवकर झालं, बाबू." माझ्याही मनात तेच होतं. मला वाटलं, शेवटी आबांचं मन खाचरात अडकलं. लोणावळ्यालाही तसंच वाटलं. मुंबई बघून आला, पायऱ्या बघून आला आणि पोराला मंडईच्या माडीवर बसवलं, कवडीचुंबक लेकाचा, असं लोक बोलायचे. आबांच्या कानावर ते जात होतंच.

शंकर पुण्याला गेल्यावर काही दिवसांनी वॅगन यायला उशीर झाला म्हणून आबा माझ्या टेबलाशी येऊन बसले. मी चहा मागवला. मुंबईत झाडाखाली मी त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. विचारलं, आबा, तुम्ही मन का बदललंत?

उपरण्याखाली काय झालं ते त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

"म्या न्हाई बदललं. म्या एक बोट दाबलं, रीतीपरमानं. त्यानं मान हलवायची, दोन बोटं दाबायची. म्या पुन्यांदा एक दाबनार व्हतो. त्यानं पुन्यांदा दोन. तासभर झुंजला आसता माझ्यासंगं, समद्यांच्या म्होरं, आन मंग म्या म्हननार व्हतो, मुंबई. पोरानं झगडून मुंबई घेतली म्हनल्यावर तात्याच्यानं बोलवलं नसतं. शंकरच्या आईच्यानं बी न्हाई." बशीतला चहा गार होत होता, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "त्यानं माझं बोट तसंच दाबलं. एकच. पयल्या झटक्याला."

मी म्हटलं, मग अजून काही बिघडलेलं नाही. वर्ग नुकते सुरू झालेत. त्याला बोलावून सांगा की तुमच्या मनात मुंबई होती.

आबांनी मान हलवली. "काय सांगू? बापाचा पयला शबुद खरा नसतो म्हनून सांगू? दलालाचा नसतो, ह्ये समद्यास्नी ठावं हाय. त्याला ठावं न्हाई. त्याला म्याच बाजारात येऊ दिलं न्हाई."

वॅगन आली आणि ते उठून गेले. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना न हरता हरायची सोय करून दिली होती आणि स्वतःला एकदाच हरायचं होतं ते जमलं नव्हतं. मला त्या क्षणी आबांची फार दया आली आणि शंकरचा रागही आला. पोरानं बोटभर तरी भांडायला नको का? पण राग टिकला नाही. बापानं सांगितलेलं पहिल्या शब्दाला ऐकावं, असंच आपण मुलांना शिकवतो आणि ऐकणाऱ्या मुलाला चांगला म्हणतो.

ओढ्याकाठचं खाचर राहिलं. त्याचा तांदूळ दर वर्षी मामांच्या घरी पुण्याला जात राहिला, मीच बुक करून पाठवायचो.

शंकर पुण्यात चांगला शिकला हे सांगितलं पाहिजे. त्या माडीवरचे वर्ग काही वाईट नव्हते. तिथून पुढे नाव काढलेली पोरंही निघाली. दोष त्या माडीचा नव्हता आणि त्या शिक्षकांचा तर मुळीच नव्हता. शिक्षण संपल्यावर शंकरला पुण्यातच एका कंपनीत हिशेबनीसाची नोकरी लागली. तो पेढे घेऊन पुण्याहून आला तेव्हा आबा धक्क्यावर होते, म्हणून थेट तिथेच आला. वाकून नमस्कार केला. माझ्या टेबलाशी बसून आम्ही तिघांनी पेढे खाल्ले. आबांनी विचारलं, पगार कसा ठरला?

शंकर म्हणाला, "साहेबांनी सांगितला, मी हो म्हणालो."

"येकदाच इचारलं?"

"हो. त्यांनी पुन्हा कशाला विचारायचं?"

माझ्याच ओळखीतला, मुंबईच्या कॉलेजातून निघालेला एक जण त्याच कंपनीत त्याच वेळी लागला होता आणि दुप्पट पगार मागून दीडपट घेऊन बसला होता, हे मला माहीत होतं. मी आणखी एक पेढा उचलला. शंकर मात्र मोकळेपणानं, अगदी अभिमानानं मला म्हणाला, "काका, कॉलेजच्या वेळी मला मुंबईला जायचं होतं, आता सांगायला हरकत नाही. पण आबांचा पहिला शब्द मी आजवर मोडला नाही. त्यांनी जे ठरवलं ते माझ्या भल्याचंच ठरवलं." हे सांगताना तो पेढ्याच्या पुडीची दोरी गुंडाळत होता. माझ्याकडे किंवा आबांकडे त्यानं बघितलं नाही. त्याला तशी सवयच नव्हती. आबा "व्हय बाबा" म्हणाले आणि उठून गाड्यांकडे गेले.

पुढल्या सुगीत माझी दौंडला बदली झाली. सामान पुढे गेलं होतं. दुपारची गाडी होती, म्हणून सकाळी धक्क्यावर सगळ्यांचा निरोप घ्यायला गेलो. बाजार भरला होता. आबा एका गाडीपाशी उभे होते, पलीकडे कासमभाई. गाडीवान विशीतला तरुण होता, बहुधा बापाऐवजी पहिल्यांदाच माल घेऊन आलेला. नवं मुंडासं, हातात चाबूक तसाच धरलेला. आबांनी उपरणं टाकलं, त्याचा हात धरला, बोटं दाबली. पोरानं लगेच मान डोलावली आणि हात काढून घेऊ लागला.

आबांनी सोडला नाही.

पोरानं पुन्हा मान डोलावली. त्याला वाटलं, यांना कळलं नसावं. हात ओढला. आबांनी अजून घट्ट धरला. मी लांब उभा होतो, तरी उपरणं ताणलेलं मला दिसत होतं. आजूबाजूचे गाडीवाले बघायला लागले. कासमभाई पुढे आले होते, ते आबांचं तोंड बघून मागे सरले. तो सौदा त्यांच्या फायद्याचा होता, तरी ते मागे सरले.

एवढ्या वर्षांत उपरण्याखाली हात असताना आबांच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी सगळ्या धक्क्याला ऐकू गेला.

"न्हाई म्हन," आबा म्हणाले.

पोरगा गोंधळला. इकडेतिकडे बघितलं, मग जमिनीकडे बघून पुटपुटला, "न्हाई."

"खाली नगं बघू," आबा म्हणाले. "माझ्याकडं बघून म्हन."